कॅरिअर नसलेली सायकल

माणसाची पारख त्याच्या पोशाखावरून करावी, बोलण्यावरून करावी, की त्याच्या सोबत्यांवरून करावी, याविषयी शहाण्यांचे अजून एकमत झालेले नाही. मी पडलो खेड्यातला मास्तर. मला विचाराल तर मी म्हणेन, ती त्याच्या सायकलीच्या कॅरिअरवरून करावी. हसू नका. कथा, कविता आणि वार्षिक भविष्य यांच्या पंगतीला सायकलीचे कॅरिअर येऊन बसावे, हे फराळाच्या ताटात भाकरीचा तुकडा यावा तसे वाटेल खरे. पण करंज्या-अनारशांच्या चौथ्या दिवशी भाकरीच गोड लागते, हा अनुभव तुमच्याही घरचा असेल.

आमचे कारधा वैनगंगेच्या काठी आहे. नदी ओलांडली की भंडारा. त्यामुळे बाजार, कचेरी, दवाखाना, कॉलेज, काहीही म्हटले तरी आम्हांला आधी पूल ओलांडावा लागतो. आता मोटारसायकली फार झाल्या. तरीही सकाळी पुलाच्या तोंडाशी थोडा वेळ उभे राहिले तर सायकलींची एक छोटीशी वारीच पाहायला मिळते. दूधवाला येतो, त्याच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना कॅन लोंबत असतात. गवंडी येतो, त्याची थापी आणि ओळंबा कॅरिअरच्या चिमट्यात, आणि फडक्यात बांधलेला जेवणाचा डबा हँडलला. दिवाळीच्या सुमारास तलावांतले शिंगाडे निघतात, मग ओल्या शिंगाड्यांची चुंगडी जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधलेली दिसते. भाऊबीज झाली आणि गावोगावच्या मंडया सुरू झाल्या, की रात्रीच्या नाटकाला निघालेली डबलसीट मंडळी भेटतात; मागे बसलेल्याच्या मांडीवर बसायची सतरंजी आणि खांद्यावर कांबळे. एका कॅरिअरवर काय काय मावते! कोण कुठे निघाला, घरी किती माणसे जेवणारी आहेत, आज हात सैल आहे की आखडता, हे सारे त्या दीड वीत लोखंडावर वाचता येते.

गेल्या वर्षापासून या मेळाव्यात एक निराळी सायकल दिसू लागली आहे. ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची. तो पुण्यात शिकला, तिथेच काही वर्षे नोकरी केली, आणि आता भंडाऱ्याच्या एका कचेरीत लागून गावी राहायला आला. त्याची सायकल शर्यतीच्या घाटाची आहे. अंगठ्याएवढे टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल. माझी काळी सायकल वीस किलोच्या घरातली, त्याची जेमतेम नऊ-दहा किलोंची. तिला मडगार्ड नाही, स्टँड नाही; घंटा त्याने माझ्या आग्रहाखातर बसवली. आणि कॅरिअर तर नाहीच नाही. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली, कचेरीत बदलायचा सदरा, पंप आणि जादा ट्यूब एवढा संसार तो पाठीवरच्या पिशवीत घालून निघतो. पलीकडे पोहोचेपर्यंत त्याच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटलेला असतो. करिअर आणि कॅरिअर हे दोन शब्द आमच्या पोरांच्या तोंडी एकच होऊन जातात. तेव्हा, ‘करिअर करायला पुण्याला गेलास आणि कॅरिअर काढून परत आलास,’ असे मी त्याला चिडवलेही.

एके दिवशी शाळा सुटल्यावर दोघेही एकाच वाटेने परतत होतो. मी म्हणालो, “अरे, खांदे दुखत नाहीत का तुझे? सायकल कशासाठी आहे? तिला वाहू दे ना ते ओझे.”

तो म्हणाला, “गुरुजी, हिला कॅरिअर लावायची सोयच नाही.” आणि मग त्याने मला सारे समजावून सांगितले. अशा सायकलींच्या सांगाड्याला कॅरिअर कसायची भोके बहुधा ठेवलेलीच नसतात. मागचे चाक सीटच्या अगदी खाली ओढून घेतलेले असते, त्यामुळे चाकाच्या बाजूला थैली टांगली तर पॅडल मारताना तिला टाच लागते. सीटच्या दांडीला आवळायचे कॅरिअर मिळते, पण ते थोड्याच किलोंचे धनी. सीटखाली छोटी पिशवी अडकवता येते, सांगाड्याच्या तिकोनात चपटी थैली बसते, त्यांत पंप आणि पान्हे मावतात. डबा आणि सदरा कुठे ठेवायचा हा प्रश्न उरतोच. पाठीवर पिशवी घ्यावी की सायकलीवर बांधावी, यावर जगभरच्या सायकलस्वारांत वाद चालतो म्हणे!

मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माणसाने पदार्थविज्ञान सांगू नये; पण तीस वर्षे ओझी वाहिलेल्या सायकलस्वाराला चार गोष्टी सांगायचा अधिकार असावा. ओझे जितके उंच, तितकी सायकल डुलते. पाठीवरची पिशवी सगळ्यांत उंच. ती वळणावर आपल्याला बाहेर ओढते, आणि तिचा भार सीटवर आणि मनगटांवर येतो. हँडलला टांगलेला डबा झोके घेतो, आणि त्याच्याबरोबर पुढचे चाकही झोके घेऊ लागते. कॅरिअरवरचे ओझे पाठ मोकळी ठेवते; मात्र ते मागच्या चाकाच्या स्पोकवर पडते, म्हणून स्पोक तुटतात ते बहुधा मागचेच. आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ओझे जड असल्याने सायकल सहसा पडत नाही. ते एका अंगाला असले म्हणजे पडते. आमच्या दूधवाल्याला हे कोणी शिकवावे लागले नाही. तो एका बाजूच्या कॅनमधून माप घालतो, मग दुसऱ्या बाजूच्या, पुन्हा पहिल्या. रतीब संपेपर्यंत दोन्ही पारडी त्याने सारखी ठेवलेली असतात. कावडीचाही हाच न्याय. खांद्यावर बांबू, दोन टोकांना दोन घागरी.

तोल साधला, की हे साधे यंत्र काय वाहून नेईल याला सुमार नाही. दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी आजच्या घडणीची सायकल इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने १८८५ साली लोकांसमोर आणली. १८८८ मध्ये डनलॉपने तिला हवेचे टायर दिले. त्यानंतर सत्तर वर्षे होण्याच्या आत, १९५४ साली, व्हिएतनामी लोकांनी दिएन बिएन फूच्या लढाईसाठी डोंगरवाटांनी तांदूळ आणि दारूगोळा पोहोचवला, त्यात सायकलींचा वाटा फार मोठा होता. हँडलला एक लांब बांबू बांधायचा, सीटच्या जागी दुसरा उभा करायचा, आणि चालत चालत सायकल ढकलायची. जो हमाल पाठीवर मोठ्या कष्टाने वीस-तीस किलो नेईल, तोच सायकलीवर दोनशे किलोंहून अधिक नेत असे.

असे माझे व्याख्यान चालू होते. तो बराच वेळ ऐकत राहिला. पूल संपत आला तेव्हा सायकलीवरून उतरून म्हणाला, “गुरुजी, खरे कारण सांगू का? हिला भोके असती, तरीही मी कॅरिअर लावले नसते. तुम्ही माझ्या बाबांची सायकल पाहिली आहे ना?”

पाहिली होती. गावात कोणी पाहिली नव्हती? भंडाऱ्याला रोज जाणारा माणूस म्हणून जो तो त्यांच्या कॅरिअरवर काहीतरी ठेवी. “कॅरिअर रिकामंच हाये ना भाऊ? मंग एवढं चुंगडं घेऊन चाला,” हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा ऐकले असेल! भावाचे खत, चुलत्याच्या लग्नाची भांडी, शेजाऱ्याची चक्कीवरची कणीक, कोणाची म्हातारी दवाखान्यात. नाही म्हणणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. “मला आठवते तेव्हापासून,” मुलगा सांगू लागला, “बाबांच्या सायकलीवर बसायला मला जागा नसायची. रविवारी नदीवर नेतो म्हणायचे, आणि रविवारीच कोणाचे तरी पोते यायचे. पन्नाशीत गुडघे गेले. ज्यांची पोती वाहिली, त्यांतले कितीजण आता बाबांना भंडाऱ्याला न्यायला येतात? मी सायकल घेताना दुकानदाराला पहिली गोष्ट हीच सांगितली, की हिच्यावर कोणालाही काही ठेवता येऊ नये.”

वाचकहो, मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात माझी हयात गेली. पण हा मुलगा मला प्रश्न विचारत नव्हता. तो निकाल सांगत होता.

अशा वेळी आपल्याजवळ तयार उत्तरे पुष्कळ असतात. परोपकाराचे सुभाषित म्हणावे, श्रावणबाळाची कावड आठवून द्यावी, नाथांची गोष्ट सांगावी. नाथांची गोष्ट मी खरोखर सांगायला निघालो होतो. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन रामेश्वराला निघालेल्या एकनाथांना वाटेत तापलेल्या वाळूत पाण्यावाचून तडफडणारे गाढव दिसले, आणि त्यांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतले. ही कथा आपण लहानपणापासून भूतदयेची म्हणून ऐकतो. त्या दिवशी मात्र ओठांवर आलेली कथा मी तिथेच थांबवली, कारण तिच्यात एक निराळीच गोष्ट मला दिसली. नाथांनी ती कावड स्वतः उचलली होती, आणि कुठे उतरवायची हेही स्वतः ठरवले. शेकडो कोस वाहून आणलेले ओझे वाटेतच रिते करण्याची त्यांना मुभा होती. या मुलाच्या बापाला ती होती का?

आपल्या भाषेने हा भेद केव्हाच करून ठेवला आहे. ओझे आपण घेतो, आणि ओझे आपल्यावर लादले जाते. वजन तेच, वाट तीच. पण घेणारा माणूस असतो आणि ज्याच्यावर लादले जाते त्याला आपण बैल करून टाकतो. लादणाऱ्याला याची खबरही नसते. त्याला फक्त एक रिकामे कॅरिअर दिसते. रिकामे दिसले की ते आपलेच, असे मानण्याची आपल्याला फार जुनी सवय आहे.

या सवयीचा इतिहास पाहायला पुलावर जायची गरज नाही. आपल्या घराचा उंबरठा पुरे. डोक्यावर पाण्याचे गुंड, त्यावर दुसरे लहान गुंड, कडेवर मूल, अशी बाई आपण इतक्या वेळा पाहिली आहे, की तिची चित्रे काढून भिंतीवर लावतो आणि त्यांना सुंदर म्हणतो. तिच्या पुढे मोकळ्या हातांनी चालणारा पुरुष त्या चित्रात बहुधा नसतो. रस्त्यावर मात्र असतो. आमच्या शाळेतली मुले घ्या. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने सांगितले, की दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये. म्हणजे तीस किलोच्या पोरीच्या पाठीवर तीन किलो. हे सांगायला सरकारला कागद काढावा लागला. कारण पालकांना वाटत होते शाळेने लादले, शाळेला वाटत होते अभ्यासक्रमाने लादले, आणि पोरगी मुकाट्याने वाकून चालत होती. जो तक्रार करत नाही त्याच्या पाठीवर आणखी थोडे मावते, हा व्यवहारातला फार क्रूर नियम आहे.

मग मुलाचे म्हणणेच खरे मानायचे काय? कॅरिअर काढून टाकावे, आपली पिशवी आपल्या पाठीवर घ्यावी, आणि कोणाचे देणे नाही, कोणाचे घेणे नाही, अशा हलक्या सायकलीने पूल ओलांडावा? त्याच्या बाजूने बोलायचे तर, त्यात एक स्वाभिमान आहे. तो स्वतःचे ओझे दुसऱ्या कोणावर टाकत नाही. पाठ भिजते ती त्याची भिजते. जगातली निम्मी माणसे एवढे करतील, तर उरलेल्या निम्म्यांच्या पाठी सरळ होतील.

तरीही माझे मन तिथे थांबायला तयार होईना. त्याला कारण आमचा रस्ता. कारध्यावरून जाणारा हा महामार्ग पुढे छत्तीसगड आणि ओडिशाकडे जातो. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, या रस्त्याने कामगार आपापल्या मुलखाला परत निघाले. कोणी पायी, कोणी सायकलीवर. त्या सायकली मी पाहिल्या. कॅरिअरवर गोधडी, गोधडीवर भांडी, आणि पुढे दांड्यावर टॉवेल गुंडाळून बसवलेले पोर. त्याच महिन्यात बिहारमधल्या दरभंगा जिल्ह्याची ज्योतीकुमारी, वय पंधरा, आपल्या जखमी वडिलांना सायकलीच्या मागे बसवून गुरुग्रामहून घरी घेऊन गेली. सुमारे बाराशे किलोमीटर. पुढे तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तिचा गौरव करताना आपण हेही विसरू नये, की अशी पाळी तिच्यावर यायला नको होती. पण आली. आणि आली तेव्हा तिच्या सायकलीला कॅरिअर होते. शर्यतीच्या सायकलीवर ती दुप्पट वेगाने घरी पोहोचली असती, मात्र एकटी.

आपले ओझे आपण वाहावे, हा नियम धडधाकट माणसांच्या चांगल्या दिवसांसाठी ठीक आहे. पण माणूस जन्मतो तो दुसऱ्याच्या कडेवर, आणि जातो तो चौघांच्या खांद्यांवर. मधल्या वर्षांत त्याला आपण स्वतःच्या पायांवर चालतो असे वाटत असते, एवढेच. प्रत्येक सायकलीचे कॅरिअर काढून टाकले, तर ज्यांना मागे बसण्यावाचून गत्यंतर नाही त्यांनी कुठे बसावे?

म्हणजे वाहावे तर गुडघे जातात, न वाहावे तर कोणीतरी रस्त्यात राहते. या कोड्याचे उत्तर मला पुस्तकांत सापडले नाही. ते डब्यांत सापडले. मुंबईचे डबेवाले तुम्हांला ठाऊक आहेत. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा उद्योग. बहुतेक माणसे मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली. सायकलीच्या हँडलपासून कॅरिअरपर्यंत डबेच डबे. पण त्यांच्या कामातली खरी युक्ती निराळी आहे. एकच माणूस एक डबा घरापासून कचेरीपर्यंत नेत नाही. एकजण घरोघरी गोळा करतो, स्टेशनवर दुसऱ्याच्या हाती देतो, तो गाडीतून नेतो, उतरल्यावर तिसरा वाटपाला निघतो. प्रत्येकजण दुसऱ्याचे ओझे वाहतो, आणि प्रत्येकाला ते ठरल्या ठिकाणी खाली ठेवता येते.

त्याच २०२० सालच्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. भंडाऱ्याच्या वस्त्यांत आणि काठच्या गावांत पाणी शिरले. त्या वेळी ओझ्यांची गणितेच बदलली. धान्याचे पोते सायकलीवर टाकून एकजण हँडल धरी, दुसरा मागून ढकली, तिसरा बाजूने सावरी; आणि थोड्या अंतरावर माणसे बदलत. पोते कोणाचे, सायकल कोणाची, याची विचारपूस पाणी ओसरल्यावर झाली. त्या दिवसांत ओझी काही कमी झाली नव्हती. उलट वाढली होती. पण ती एका अंगाला नव्हती.

मला वाटते, सारे इथेच आहे. आपण वाद घालतो तो, दुसऱ्याचे ओझे वाहावे की वाहू नये, याचा. सायकल मात्र निराळाच प्रश्न विचारते: ते दोन्ही अंगांना सारखे आहे ना? या मुलाच्या बापाची चूक त्याच्या कॅरिअरमध्ये नव्हती. गावात रोज पूल ओलांडणाऱ्या सायकली आणखीही होत्या. त्यांची कॅरिअरे रिकामी धावत राहिली आणि एका भल्या माणसाच्या मागच्या चाकाचे स्पोक एकेक करून तुटत गेले. त्या माणसाला आम्ही देवमाणूस म्हणत होतो. देवमाणूस म्हटले की पुढचे पोते ठेवायला सोपे जाते.

हे मी त्या मुलाला त्याच्या दारापर्यंत चालत चालत सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “मग गुरुजी, दुसऱ्या अंगाला आधी कोणी वजन टाकायचे?”

त्याने दुसऱ्या दिवशी कॅरिअर बसवून घेतले, असे सांगून हा निबंध गोड करता आला असता. कादंबरी असती तर मी कदाचित केलाही असता. पण त्याने ते बसवलेले नाही, आणि मी आग्रहही धरला नाही. बापाचे गुडघे ज्याने रोज चोळले आहेत, त्याला परोपकाराचा धडा देण्याचा अधिकार त्याच्या बापाच्या कॅरिअरवर पोती ठेवणाऱ्या गावाला पोहोचत नाही. पोती ठेवणाऱ्यांची घरे अजून त्याच गल्लीत आहेत, त्यांच्या दारांत नव्या मोटारसायकली उभ्या आहेत, आणि म्हाताऱ्याला दर महिन्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात जायचे असते. दुसऱ्या अंगाला आधी वजन कोणी टाकायचे, याचे उत्तर त्या दारांकडून यायला हवे. ते येईपर्यंत त्या मुलाची सायकल जशी आहे तशी मला कबूल आहे.

दिवाळीचे दिवस आहेत. पणत्या, रांगोळीचे रंग, आकाशकंदील, फराळाचे जिन्नस, भावा-बहिणींसाठी कापडचोपड, असे सारे घेऊन तुम्हीही बाजारातून सहकुटुंब परत येत असाल. येताना एकदा सहज मागे वळून पाहा, आणि पिशव्या कोणाच्या हातांत आहेत तेवढे मोजा.